चिकाच्या मागावर: कोल्हापूर, पन्हाळा, दोडामार्ग

मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात कोल्हापूरला जाऊन आलो. अंबाबाईचं दर्शन, रंकाळा, तांबडा-पांढरा हे सगळं झालंच, पण यावेळी जाण्याचं खरं कारण होतं चीक. झाडाचा चीक.

मी भोसरीत रबराचे पार्ट बनवणाऱ्या एका युनिटमध्ये क्वालिटीचं काम बघतो. दिवसभर हातात रबर, आणि त्यातलं नैसर्गिक रबर येतं ते जवळपास सगळं एकाच जातीच्या झाडातून, हेविया. मूळचं ॲमेझॉनचं झाड. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजाने तिथून ७०,००० च्या आसपास बिया लंडनच्या क्यू गार्डनला नेल्या, त्यातली तीन हजारांपेक्षाही कमी रोपं उगवली आणि आशियातल्या मळ्यांचा मोठा भाग त्या मूठभर रोपांचाच वंश आहे. तिकडे दक्षिण अमेरिकेत या झाडाच्या पानांवर एका बुरशीचा रोग येतो, हेन्री फोर्डचा फोर्डलँडियाचा मोठा मळा फसला त्यात या रोगाचा हात होता. आपल्याकडच्या मळ्यांत तो अजून आलेला नाही. पण आला तर काय? टायर, ऑपरेशनचे हातमोजे, विमानाची चाकं, सगळं एका झाडावर टांगलेलं आहे. हे एकदा डोक्यात शिरल्यावर मी दुसऱ्या कुठल्या कुठल्या झाडातून रबर काढतात ते वाचत सुटलो आणि वाटलं की आपल्या आजूबाजूला चिकाची इतकी झाडं आहेत, निदान त्यात काय आहे ते हाताने करून बघावं. कोल्हापूरला आत्या राहते, आतेभावाचा (मी त्याला दादा म्हणतो) शिवाजी उद्यमनगरात छोटा रबर मोल्डिंगचा शेड आहे, त्यामुळे ठिकाण आपोआप ठरलं.

गुरुवार

संध्याकाळी पोचलो. आत्याने दारातच विचारलं, "जेवून आलास का जेवणार हाईस?" या प्रश्नाला कोल्हापुरात एकच उत्तर चालतं. आत कच्चा फणस चिरणं चालू होतं, विळीला आणि हाताला गोडेतेल चोपडलेलं. मी तिथेच बसलो आणि ताटलीत गळलेला चीक काचेच्या पट्टीवर घेतला. आत्या म्हणाली, "आरं ते हाताला लागलं तर पाण्यानं न्हाई जायचं, तेल लाव." आणि हीच तर गंमत आहे, चिकातला चिकट भाग म्हणजे राळ आणि रबर, दोन्ही पाण्याला दाद देत नाहीत पण तेलात सैल होतात. प्रत्येक घरातल्या बाईला हे माहीत असतं, कुणी त्याला केमिस्ट्री म्हणत नाही इतकंच.

फणसाच्या चिकात रबर असतं, खरंखुरं. पण थोडं, आणि राळ जास्त. ओला असताना तारा सुटतात, बोटांत ताणला की लांबतो, आणि वाळला की कडक होऊन तुटतो. रबर चांगलं की वाईट हे नुसतं ते आहे की नाही यावर ठरत नाही, त्याची रेणूंची साखळी किती लांब आहे त्यावर ठरतं. हेवियाची साखळी फार लांब असते म्हणून ताणलं की परत जागेवर येतं. साखळी आखूड असली की ते च्युईंगमसारखं नुसतं लांबत राहतं. (च्युईंगमचा मूळ चिकलही चिकूच्या झाडाचाच चीक, मेक्सिकोकडचा.)

वहिनी, म्हणजे दादाची बायको, ड्युटीवरून आली. ती नर्स आहे आणि लॅटेक्सचे हातमोजे घातले की तिच्या मनगटापर्यंत लाल चट्टे येतात, आता नायट्राईलचे, म्हणजे कृत्रिम रबराचे वापरते. हेवियाच्या चिकात जी प्रथिनं असतात त्यातली काही प्रथिनं काही लोकांना सोसत नाहीत. तिला मी ग्वायुलेबद्दल सांगितलं, मेक्सिको आणि टेक्सासच्या वाळवंटातलं गुडघा-मांडीएवढं करडं झुडूप, त्याच्या चिकात ती त्रासदायक प्रथिनं नसतात, २००८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय वस्तूंना परवानगी देणारी सरकारी संस्था) ग्वायुलेच्या हातमोज्यांना मंजुरी दिली होती. ती एवढंच म्हणाली, "मग आमच्याकडं कधी येणार?" मला उत्तर देता आलं नाही.

शुक्रवार

सकाळी आठला उद्यमनगरातली मिसळ. दादा म्हणतो नऊनंतर गेलात तर नंबर लावून उभं राहावं लागतं, तर लवकर जा. कोल्हापुरात मिसळीबरोबर ब्रेडच्या स्लाईस येतात आणि कट तिखट असला तरी घशाशी जळत नाही, मसाला भाजलेला असतो नीट. दोन वेळा कट घेतला.

तिथून दादाचा शेड. बाहेर लेथ, फाउंड्रीवाले, पंपाच्या बॉड्या, आणि मधे दोन प्रेस आणि एक मिल एवढा पसारा. बुश, ग्रोमेट, शेतीपंपाचे वॉशर असलं काम. मिलच्या दोन रोलांमध्ये रबराची शीट घालून ती मऊ करायची, मग काजळी, झिंक ऑक्साईड, स्टिअरिक ॲसिड, गंधक, ॲक्सिलरेटर (गंधकाचं काम लवकर करून देणारी पावडर), आणि मग साच्यात घालून दीडशे डिग्रीच्या आसपास प्रेस. गंधकाने रबर पक्कं होतं हे १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला सापडलं, तेव्हापासून मूळ गोष्ट तीच आहे.

दादाला सगळ्या कल्पना आधी शेडमध्ये चालतात का ते बघायचं असतं. मी ग्वायुले म्हटलं की त्याने पहिला प्रश्न विचारला, "राळ किती ऱ्हाती त्यात?" बरोबर प्रश्न आहे. ग्वायुलेचं रबर साखळीच्या लांबीला हेवियाच्या तोडीचं असतं पण काढताना राळ नीट धुतली नाही तर माल मऊ आणि चिकट पडतो, आणि नीट धुतली तर हेवियात जे स्वतःचे संरक्षण करणारे घटक असतात ते यात नसल्यामुळे हवेने लवकर खराब होतो, म्हणून अँटिऑक्सिडंट घालावं लागतं. दादा म्हणाला, "ते आपण घालतोच की. मला प्रत्येक बॅच सारखी दे, झाड कुठलं बी असू दे."

आता ग्वायुलेतून रबर काढतात कसं ते सांगतो कारण इथेच लोकांची गल्लत होते. हेवियाला खाच दिली की चीक वाहतो कारण सालीत चिकाच्या नळ्या असतात, एकमेकींना जोडलेल्या. ग्वायुलेत नळ्या नाहीत. रबर सालीतल्या आणि लाकडातल्या एकेका सुट्या पेशीत कोंडलेलं असतं, खाच दिली तर काही येत नाही. म्हणजे उसासारखं, पूर्ण कांडं चरकात गेल्याशिवाय रस नाही, आणि मागे चिपाड उरतंच. झुडूप साधारण दोन वर्षांचं झालं की जमिनीलगत छाटायचं (बुडखा परत फुटतो), वाळवून कुटायचं, मग एसिटोनसारख्या द्रवाने राळ वेगळी आणि हेक्झेनसारख्या द्रवाने रबर वेगळं. दुसरी पद्धत ओली, झुडूप ताजं असतानाच पाण्यात दळून पेशी फोडायच्या, पाण्यात अल्कली घालून ते थोडं क्षारीय ठेवायचं म्हणजे रबर गोठत नाही, आणि दुधातून साय काढतात तसल्या मशीनने चीक वर काढायचा. हातमोजे या चिकाचे होतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मेक्सिकोत तर गोट्यांच्या फिरत्या पिंपात झुडपं पाण्यासकट दळायचे, भिजलेली साल तळाला आणि रबराच्या अळ्यांसारख्या गोळ्या वर. १९१० च्या सुमारास अमेरिकेत लागणाऱ्या रबरातला जवळपास निम्मा हिस्सा असा यायचा.

टिप: शेड किंवा कारखाना बघायचा असेल तर आधी फोन करून जा आणि बूट घाला. मिलच्या जवळ सैल बाही, ओढणी, घड्याळ काही नको, दोन रोल हात ओढून घेतात.

दुपारनंतर शिवाजी विद्यापीठ. १९६२ चं विद्यापीठ, कॅम्पस एवढा मोठा की झाडीत मोर ओरडतात. वनस्पतिशास्त्र विभागाची बाग बघायची असेल तर आधी विभागात विचारून परवानगी घ्या. कंदीलपुष्पांच्या संग्रहासाठी हा विभाग प्रसिद्ध आहे पण मे महिन्यात वर काहीच नसतं, कंद जमिनीखाली झोपलेले, ती बघायला ऑगस्ट-सप्टेंबर. एक पीएचडी करणारी मुलगी भेटली, सांगलीकडची. तिने फार प्रेमाने वेळ दिला. फणसाच्या कोवळ्या देठाचा पातळ काप घेऊन त्यावर सुदान नावाचा लाल रंग टाकला, मायक्रोस्कोपखाली चिकाच्या नळ्या लालभडक उठून दिसल्या, लांबच लांब, कालव्यासारख्या नाही तर मुळांसारख्या फाटे फुटलेल्या. हा रंग चरबीसारख्या, पाणी न धरणाऱ्या वस्तूंना पकडतो, त्यात रबरही आलं. ग्वायुलेचा काप असता तर नळ्यांऐवजी सुटे ठिपके दिसले असते, म्हणाली. मी किती वेळ डोळा लावून बसलो होतो कुणास ठाऊक, शेवटी तिला म्हणालो ताई तुम्हाला उशीर होत असेल, तर ती म्हणते, "बघा की सर, चिकाचं बघायला कोण येतंय नाहीतर."

तिनेच रशियन डँडेलियनची गोष्ट काढली. कझाकस्तानातल्या तिएन शान डोंगरात १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला सोव्हिएत शोधपथकांना हे पिवळ्या फुलाचं रोप मिळालं, स्थानिक लोक त्याचं मूळ चघळायचे. मूळ वाळवून मोडलं की दोन तुकड्यांमध्ये बारीक पांढरे धागे ताणले जातात, ते रबर. दुसऱ्या महायुद्धात रशियाने हजारो हेक्टर लावलं. आता कॉन्टिनेंटल कंपनीने त्यापासून २०१९ मध्ये सायकलचा टायर बाजारात आणला. मुळं धुऊन, पाण्यात भिजवून, दळून रबर आणि वर इन्युलिन नावाची साखरेसारखी वस्तू पण मिळते. पण ते थंड हवेचं पीक, कोल्हापूरच्या मे महिन्यात जगायचं नाही. आपल्याकडे त्याच्या कुळातली पाथरी आहे, बांधावरची. रात्री आत्याने मुद्दाम पाथरीची भाजी केली, लसूण घालून, किंचित कडू. निवडताना प्रत्येक देठातून दूध येत होतं.

शनिवार

सकाळी मारुतीच्या देवळापाशी रुईच्या माळा विकायला बसलेल्या बायका. एका मावशींकडून माळ घेतली आणि चीक मागितला. त्यांनी आधी माझ्या चष्म्याकडे बघितलं आणि मग म्हणाल्या, "डोळ्याला हात लावू नकासा." हे फार महत्त्वाचं आहे. रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळावर सूज येऊन नजर धूसर होते, निवडुंगाचाही तसाच. चीक गोळा करायचा असेल तर चष्मा, हातमोजे, आणि लहान मुलं लांब.

मग दादाच्या बाईकवर पन्हाळा. वाघबीळ सोडलं की वारा बदलतो. रस्त्याच्या कडेला मैलभर गाजरगवत, पांढऱ्या बारीक फुलांचं, आणि मी दादाला म्हटलं हा बघ ग्वायुलेचा भाऊ. दोन्ही एकाच पार्थेनियम वंशातली. दादाने गाडीच थांबवली. "म्हंजे ह्यात रबर?" नाही, गाजरगवतात कामाचं काही नाही, उलट खाज आणि दमा. पण म्हणूनच मला वाटतं की परदेशी रबराचं झुडूप इथे आणायचं म्हटलं तर आधी बंदिस्त जागेत वर्षानुवर्षं तपासलं पाहिजे, आणि लावायचंच झालं तर पंचगंगेच्या काळ्या रानात कुणी लावू नये, ते कोरड्या माळरानाचं झाड आहे, त्याचा विचार करायचा तर आटपाडी, जत, माण अशा भागाकडे बघून.

याच रस्त्यावर एका बंगल्याच्या कुंपणावर रबरवेल दिसली, क्रिप्टोस्टेजिया. मोठी जांभळट-गुलाबी फुलं, चकचकीत पानं, मादागास्करहून आलेली. दुसऱ्या महायुद्धात जपानने मलाया घेतल्यावर अमेरिकेने हैतीमध्ये हिची प्रचंड लागवड सुरू केली, शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या, उभी झाडं तोडली, आणि १९४४ मध्ये प्रकल्प गुंडाळला. रबर नावापुरतं निघालं, जमिनी गेल्या त्या गेल्या. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये हीच वेल आज नदीकाठची झाडं गिळते आहे. वेलीत रबर आहे, चांगलं आहे, पण टोकं छाटून थेंब थेंब गोळा करायला माणसं किती लागतील याचा हिशेब कुणी आधी केला नाही. शिवाय विषारी आहे, गुरांना घातक. बंगल्यातल्या काकांना सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि आम्हाला पन्हं दिलं.

पन्हाळ्याखालच्या एका गावात पारावर मोठा वड. वडाच्या चिकातही रबर असतं म्हणून मी खिशातून बाटली काढली तर पारावर बसलेल्या आजी एकदम उठल्या. "वटपौर्णिमा तोंडावर आलीया आन् झाडाला सुरी लावतासा व्हय?" मी सुरी दाखवली नव्हती तरी. त्यांना समजावलं की खोडाला हात लावणार नाही, फक्त पानं खुडणार. मग त्याच शेजारी येऊन बसल्या, पान देठापासून कसं मोडायचं ते दाखवलं, आणि आपली टाच पुढे करून म्हणाल्या भेगांना हाच चीक लावते मी, तरणी होते तवापासनं. तासभर आम्ही तिघं पानं खुडत होतो, बाटलीत जेमतेम दोन चमचे. मध्ये त्यांनी नातवाला हाक मारून ताक आणवलं. वडाचा चीक फणसापेक्षा पातळ आणि पांढराशुभ्र, बोटांवर चोळला की पटकन गोळी होते आणि ती गोळी ताणली तर मागे येते! थोडीच, पण येते. मी आजींच्या हातात दिली, त्यांनी चार वेळा ताणून बघितली.

टिप: चीक तासाभरात बाटलीतच गोठतो. तो पातळ ठेवायचा असेल तर लिकर अमोनियाचे दोन थेंब आधीच बाटलीत टाकून ठेवा, रबराच्या मळ्यांतही हेच करतात. वास उग्र असतो, उघड्यावर करा.

गडावर तीन दरवाजाजवळ झुणका-भाकरी, ठेचा, मातीच्या भांड्यातलं दही. करवंदं विकणाऱ्या मुली होत्या, पानाच्या द्रोणात. करवंदाच्याही देठाला चीक, ओठ चिकटतात, त्यातून काही कामाचं निघत नाही पण द्रोण संपवला. चारच्या सुमारास आभाळ काळं झालं आणि वळीव असा कोसळला की गारा पडल्या. सज्जा कोठीच्या बाजूला आडोशाला सगळेच पर्यटक, कुणीतरी कणसं भाजून घेऊन आला. मे महिन्यात पन्हाळ्याला जाणार असाल तर दुपारी तीनच्या आत फिरून घ्या, रस्ता ओला झाला की खाली येताना बाईक सांभाळून.

रविवार

पहाटे तीनला निघालो, यावेळी दादाची ओम्नी, वहिनीपण. खरं रबर कसं निघतं ते बघितल्याशिवाय पर्यायाचं बोलणं अर्धवट राहतं. आजरा, आंबोली, सावंतवाडी करत दोडामार्ग. आंबोलीत उजाडलं, धुकं इतकं की मे महिना आहे हे विसरलो, स्वेटर ठेवाच. तिलारी घाटाने अंतर कमी पडतं पण उतार फार तीव्र आहे, अंधारात नको.

दोडामार्ग तालुक्यात केरळहून आलेल्या लोकांनी रबराचे मळे केलेत. ओळखीतून एका मळ्यात जायला मिळालं. टॅपिंग पहाटेच करतात, कारण तेव्हा झाडात पाण्याचा दाब जास्त असतो, ऊन चढलं की धार मंदावते. आम्ही पोचलो तेव्हा शेवटच्या दोन ओळी राहिल्या होत्या. टॅपर केरळचे, वीसेक वर्षं इथे, मराठी-मल्याळम मिसळून बोलत होते. सालीचा कागदाएवढा पातळ काप, डावीकडे वर तर उजवीकडे खाली असा तिरका, कारण चिकाच्या नळ्या उलट्या बाजूला कललेल्या असतात आणि तिरक्या छेदात जास्त नळ्या कापल्या जातात. सुरी जरा खोल गेली तर आतलं जिवंत अस्तर दुखावतं आणि साल परत नीट भरत नाही. मी करून बघू का विचारलं तर त्यांनी हसून मान हलवली, आणि ते बरोबरच होतं, झाड सहा-सात वर्षं पोसून मग टॅपिंगला येतं.

करवंटीत चीक टपटपत होता. यात ३० ते ४० टक्के रबर. दहाच्या सुमारास गोळा करून ट्रेमध्ये पाणी आणि फॉर्मिक ॲसिड घालून गोठवतात, मग रोलरमधून शीट, मग धुराच्या खोलीत टांगतात. धूरघराचा वास कपड्यांना घरी येईपर्यंत होता. वहिनी दारातच थांबली, ताजा चीक तिने लांबूनच बघितला. दादा मात्र वाळलेल्या शीटा वास घेऊन, उजेडात धरून बघत होता, त्याच्या शेडमध्ये येणारा माल पहिल्यांदा जन्मताना बघत होता तो.

त्यांच्या घरी दुपारी कप्पा, म्हणजे उकडलेला कसावा, आणि बांगड्याचं लालभडक कालवण. इथे शेजारचं जंगलही बघितलं. सावंतवाडी-दोडामार्ग हा वाघ-हत्तींच्या येण्याजाण्याचा पट्टा आहे, हायकोर्टाने २०१३ पासून या पट्ट्यात वृक्षतोडीला बंदी घातली आहे. रबर जास्त पाहिजे म्हणून आणखी डोंगर मोकळा करावा हे मला पटत नाही. पाऊस आणि उष्ण दमट हवा मागणारं हे झाड जंगलाच्याच जागेवर हक्क सांगतं, आणि कोरड्या माळावर येणारं दुसरं काही मिळालं तर इथल्या डोंगरावरचा ताण कमी होईल, माझा सगळा जीव त्यात आहे.

निघताना त्यांनी करवंटीत गोठून राहिलेले गोळे, कप लम्प, पिशवीभर दिले. पैसे घेतले नाहीत.

सोमवार

काचेच्या पट्ट्या गच्चीवर सावलीत वाळल्या होत्या. फणस: पिवळट, नखाने टोचलं की तुकडा उडतो. रुई: ठिसूळ पापुद्रा, बोटांत चुरा, त्यात राळच राळ. जिन्यातल्या कुंडीतल्या रबर प्लांटचा, म्हणजे आसाम-मेघालयातल्या फायकस इलास्टिकाचा (तिकडे जिवंत मुळांचे पूल करतात तो हाच): बऱ्यापैकी लवचिक, पण चिकट. एकोणिसाव्या शतकात आसामात सरकारने याचेच मळे लावले होते, हेविया आल्यावर मागे पडले. वड: सगळ्यात चांगला.

थॉमस एडिसनने आयुष्याची शेवटची वर्षं हेच केलं. १९२७ मध्ये फोर्ड आणि टायरवाल्या फायरस्टोनबरोबर संस्था काढून फ्लोरिडात हजारो झाडं अशीच तपासली आणि गोल्डनरॉड नावाच्या पिवळ्या फुलाच्या तणावर येऊन थांबला. १९३१ मध्ये तो गेला आणि ते काम मार्गी लागलं नाही. युद्धात, १९४२ मध्ये, अमेरिकेने ग्वायुलेची मोठी सरकारी योजना काढली, हजारो एकर, शेकडो शास्त्रज्ञ, आणि युद्ध संपून कृत्रिम रबर हाताशी आल्यावर उभं पीक नांगरून, जाळून टाकलं. मला हे वाचून दर वेळी वाईट वाटतं. वाणं सुधारायला दशकं लागतात आणि ती जाळायला एक हंगाम. आता ब्रिजस्टोनने ॲरिझोनात परत ते हाती घेतलंय, २०२२ मध्ये इंडीकारच्या रेसिंग टायरच्या बाजूच्या भिंतीत ग्वायुलेचं रबर वापरलं.

दुपारी शेडवर वडाच्या चिकाची गोळी घेऊन गेलो. निम्मी तशीच ठेवली, निम्मी एसिटोनमध्ये बुडवून ठेवली. एसिटोनमध्ये राळ विरघळते, रबर विरघळत नाही, ग्वायुलेच्या कारखान्यातली पहिली पायरी तीच. (घरी करणार असाल तर खिडक्या उघड्या आणि आसपास गॅस, काडेपेटी काही नको, लगेच पेट घेतं.) एसिटोन पिवळं झालं. गोळी बाहेर काढली तर आधीपेक्षा लहान आणि घट्ट. मग दादाने मिलवर न घालता हातानेच थोडा गंधक आणि ॲक्सिलरेटर मळला, दोडामार्गच्या कप लम्पचा तेवढाच तुकडा घेतला, आणि तिन्ही बटणाएवढ्या साच्यात, एकत्र, प्रेसमध्ये.

कप लम्पचं बटण उसळलं, अपेक्षेप्रमाणे. न धुतलेल्या वडाचं साच्यालाच चिकटलं, खरवडून काढावं लागलं. धुतलेल्या वडाचं बटण निघालं, तपकिरी, कडा फाटलेली, पण दाबलं की वर येतं, ओढलं की परत जातं, जास्त ओढलं तर फाटतं. दादाने शोअर गेज (रबराचा कडकपणा मोजायचं यंत्र) लावला, मग नखाने दाबला, मग परत गेज. मिलवर काम करणारे दोघं काम थांबवून बघायला आले, एकाने विचारलं, "वडाचं हाय व्हय हे? खरंच?"

वडाचे मळे कुणी लावणार नाही आणि लावूही नयेत, पानं खुडून रबर परवडत नाही हे आम्ही तासाभराच्या खुडणीत बघितलं होतं. पण धुतलेल्या आणि न धुतलेल्या तुकड्यातला फरक दादाने हातात घेऊन बघितला आणि त्याची राळेबद्दलची शंका फिटली. आता त्याचं म्हणणं असं की कुठल्याही संशोधन केंद्रातून ग्वायुलेच्या रबराचं किलोभर सँपल मिळालं तर तो स्वतःच्या खर्चाने पंपाचे वॉशर काढून सहा महिने शेतातल्या पंपावर चालवून बघेल. मी पत्रं लिहायला घेतली आहेत. विद्यापीठातल्या त्या मुलीला पण बटणाचा फोटो पाठवला, ती पावसाळ्यात वडाच्या चिकातलं रबर नीट वजनावर मोजून देणार आहे, ऋतूप्रमाणे ते बदलतं का ते बघायला. आजींच्या वडाची पानं वटपौर्णिमेनंतर घ्यायची असं ठरलंय, परवानगी दादाने जाऊन काढली.

जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: कोल्हापूर-दोडामार्ग एका दिवसात होतं पण दमायला होतं, आंबोलीत मुक्काम केला तर बरं. पावसाळ्यात टॅपिंगच्या खाचेवर प्लास्टिकचा आडोसा न लावलेल्या मळ्यांत काम बंद असतं, तेव्हा ऑक्टोबर ते जानेवारी बघायला उत्तम, फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळीमुळे बरेच जण झाडाला विश्रांती देतात. मळा खाजगी असतो, विचारल्याशिवाय आत जाऊ नका आणि करवंट्यांना हात लावू नका.